चंद्र रोज वेगळा का दिसतो? चंद्राच्या कलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्राचा आकार खरंच बदलतो का?

नाही हो. चंद्र म्हणजे ३,४७४ किलोमीटर व्यासाचा दगडाचा गोळा, तो अमावस्येलाही तेवढाच असतो आणि पौर्णिमेलाही तेवढाच. त्याच्या उजळलेल्या बाजूचा किती भाग आपल्याला इथून दिसतो, तेवढंच बदलतं.

मग तो भाग का बदलतो? जरा नीट सांगा, नुसतं "कोन बदलतो" म्हणून सोडून देऊ नका.

बरं, नीट बघू. चंद्राला स्वतःचा उजेड नाही, जो दिसतो तो सूर्याचाच. सूर्य ज्या बाजूला आहे ती चंद्राची बाजू उजळते आणि मागची अंधारात राहते, म्हणजे कधीही बघा, अर्धा चंद्र उजेडात आणि अर्धा अंधारात, यात महिनाभर काहीही फरक पडत नाही (ग्रहणाचे थोडे तास सोडले तर). ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण गोंधळ बहुतेक इथेच होतो, लोकांना वाटतं की अष्टमीला सूर्य चंद्राचा पाव भागच उजळवतो वगैरे.

आता चंद्र पृथ्वीभोवती फिरतोय आणि सूर्य चंद्रापेक्षा जवळजवळ ३९० पट लांब आहे. एवढ्या लांबून येणारा उजेड चंद्र कक्षेत कुठेही असला तरी साधारण एकाच दिशेने येतो. आपण मात्र मधे बसलोय, त्यामुळे चंद्र जसा आपल्याभोवती सरकतो तसे आपण त्याच्याकडे दर रात्री थोड्या वेगळ्या बाजूने बघतो. चंद्र सूर्याच्या दिशेला असला की त्याची अंधारी बाजू आपल्याकडे, ती अमावस्या. सूर्याच्या बरोब्बर उलट्या दिशेला गेला की उजळलेली बाजू पूर्ण आपल्याकडे, ती पौर्णिमा. मधे असला की थोडी ही, थोडी ती. झालं, एवढंच आहे ते.

हे घरच्या घरी करून बघता येईल का?

येईल, आणि अंधाऱ्या खोलीतल्या दिव्याच्या प्रयोगापेक्षा हा जास्त पटतो. अमावस्येनंतर साधारण सहा ते दहा दिवसांनी दुपारी उशिरा बाहेर या, सूर्य पश्चिमेला कललेला असेल आणि चंद्र पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या बाजूला फिकट पांढरा दिसत असेल. एक पांढरा चेंडू घ्या, हात लांब करून आकाशात चंद्राच्या अगदी शेजारी धरा, मात्र चेंडूवर ऊन पडलं पाहिजे, तुमची किंवा भिंतीची सावली नको. आता चेंडू बघा. जेवढा चंद्र उजळलाय तेवढाच चेंडू उजळलेला, उजेड त्याच बाजूला, आणि उजेड-अंधाराची कडसुद्धा तशीच तिरकी. मग हात तसाच ठेवून हळूहळू सूर्याच्या दिशेकडे वळा, चेंडूची कोर होत जाते. सूर्यापासून लांब वळा, तो भरत जातो. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे सांगायला नको.)

पण शाळेत तर शिकलो होतो की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी दिसतो?

हा गैरसमज सगळ्यात चिवट. सावली पडते ती ग्रहणात, कलांचा तिच्याशी काही संबंध नाही.

हे स्वतःच्या डोळ्यांनी खोडून काढता येतं. संध्याकाळी कोर दिसते तेव्हा सूर्य कुठे असतो? त्याच बाजूला, नुकताच पश्चिमेला मावळलेला, चंद्रापासून थोड्याच अंतरावर. आणि पृथ्वीची सावली? ती कायम सूर्याच्या उलट्या बाजूला पडणार, म्हणजे त्या वेळी पूर्वेच्या क्षितिजाकडे. चंद्र पश्चिमेला आणि सावली पूर्वेला, मग ती चंद्रावर पडेल कशी? कोर जितकी बारीक तितका चंद्र सावलीपासून लांब, म्हणजे सावलीवाल्या थिअरीच्या अगदी उलटं.

सावली म्हणायचीच असेल तर ती चंद्राची स्वतःचीच. त्याचा पुढचा भाग उन्हात, मागचा भाग त्याच्याच आडोशाला.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही? चंद्र तर सूर्याच्या बरोबर उलट्या दिशेला असतो ना.

"बरोबर उलट्या" यात थोडी गोम आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीच्या गडद सावलीची रुंदी साधारण ९,००० किलोमीटर, म्हणजे आकाशात जेमतेम दीड अंश, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. ज्या वेळी पौर्णिमा नेमकी दोन पातळ्या छेदतात त्या बिंदूंजवळ येते त्या वेळीच ग्रहण. अमावस्या आणि सूर्यग्रहणाचंही असंच.

ग्रहण आणि कला ओळखणं सोपं आहे, ग्रहणात सगळा खेळ काही तासांत आटपतो आणि सावलीची कड नेहमी गोलाईची, मोठ्या वर्तुळाचा तुकडा असावा तशी. कलेत मात्र कोरीची दोन टोकं कायम व्यासाच्या दोन टोकांना असतात, म्हणजे कोर कितीही बारीक असू दे, तिची बाहेरची कड पूर्ण अर्धवर्तुळ भरते.

कुठल्या दिवशी चंद्र कधी उगवतो हे पाठ कसं करायचं?

पाठ करूच नका. चंद्राचा आकार आणि त्याची उगवायची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, सूर्यापासून चंद्र आकाशात किती लांब आहे यावरच दोन्ही ठरतात, त्यामुळे एक कळलं की दुसरं फुकटात मिळतं.

अमावस्येला चंद्र सूर्यासोबत, म्हणून सूर्यासोबतच उगवतो आणि त्याच्यासोबतच मावळतो. पौर्णिमेला बरोबर समोर, म्हणून सूर्य मावळताना हा उगवणार, मध्यरात्री सगळ्यात उंच, आणि सूर्योदयाला मावळणार. शुद्ध अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र सूर्याच्या पाव चक्कर मागे, म्हणून दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, सूर्यास्ताला सगळ्यात उंच असतो, मध्यरात्री मावळतो. वद्य अष्टमीचा याच्या उलट, मध्यरात्री उगवून दुपारी मावळतो, म्हणून तो लवकर झोपणाऱ्यांना दिसतच नाही आणि पहाटे उठणाऱ्यांना रोजचा ओळखीचा असतो. (वेळा ढोबळ आहेत, ऋतूप्रमाणे आणि तुम्ही कुठे राहता त्याप्रमाणे तासभर इकडेतिकडे.)

आता याचा उलटा वापर करा. चंद्र अर्धा आहे, उजवी बाजू उजळलीय आणि तो पश्चिमेला मावळायला टेकलाय, म्हणजे मध्यरात्र होत आली. पूर्ण गोल चंद्र सगळ्यात उंच आलाय, तेही मध्यरात्रच. घड्याळ नसताना तासाभराच्या फरकाने वेळ सांगता येते. आणि मध्यरात्रीच्या गोष्टीतल्या चित्रात डोक्यावर बारीक कोर काढलेली असली की समजायचं, काढणाऱ्याने आकाशाकडे बघितलेलं नाही.

रोज तो उशिरा का उगवतो?

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करेपर्यंत चंद्र त्याच्या वाटेने पुढे सरकलेला असतो, सूर्याच्या तुलनेत दिवसाला सुमारे १२ अंश. तेवढं अंतर भरून काढायला पृथ्वीला अजून थोडं फिरावं लागतं, सरासरी ५० मिनिटं. पण ही सरासरी आहे, काही दिवस अर्धा तास तर काही दिवस तासाच्या वर, कारण चंद्राची वाट क्षितिजाशी कधी जास्त तर कधी कमी तिरकी असते.

तासाभरात चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. एखाद्या तेजस्वी ताऱ्याजवळ असला की एकाच रात्री हे डोळ्यांनी पकडता येतं, संध्याकाळी एकदा बघा आणि झोपायच्या आधी एकदा.

चंद्र दिवसा दिसतो ते काही विशेष आहे का?

अजिबात नाही. चंद्रही दिवसाचे सरासरी बारा तास क्षितिजाच्या वर असतो आणि महिन्यातले बरेच दिवस त्यातले काही तास उजेडातले असतात. पौर्णिमेच्या आधीचा आठवडा दुपारी पूर्वेकडे बघा, नंतरचा आठवडा सकाळी पश्चिमेकडे.

अर्धा चंद्र असतो तेव्हा चांदणं पौर्णिमेच्या निम्मं असतं ना?

असं वाटतं खरं, पण साधारण दहाव्या हिश्शाएवढंच असतं, किंबहुना त्याहून थोडं कमीच. चंद्राचा पृष्ठभाग धूळ, खडे, खड्डे यांनी भरलेला आहे. अर्ध्या चंद्राच्या वेळी ऊन बाजूने पडतं, त्यामुळे प्रत्येक खड्याची, प्रत्येक कणाची बारीक सावली आपल्याला दिसते, आणि या असंख्य सावल्या मिळून उजेड खातात. पौर्णिमेला ऊन आपल्या पाठीमागून येतं, मग प्रत्येक कणाची सावली त्याच्याच मागे लपते आणि सगळा चंद्र एकदम झगझगीत होतो. तरी हा चंद्र मुळात काळपटच, पडलेल्या उजेडापैकी फक्त १२ टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो, जुन्या डांबरी रस्त्यासारखा. काळ्या आकाशात एकटा उन्हात उभा असतो म्हणून आपल्याला पांढराशुभ्र वाटतो.

पौर्णिमा एकच दिवस असते, मग आधीच्या आणि नंतरच्या दिवशीही चंद्र पूर्णच कसा दिसतो?

कारण कला एकाच वेगाने बदलत नाहीत. चंद्र रोज साधारण तेवढाच सरकतो पण दिसणारा भाग अमावस्या-पौर्णिमेजवळ हळू बदलतो आणि अष्टमीजवळ भराभर. पौर्णिमेच्या एक दिवस आधी ९९ टक्के चकती उजळलेली असते, दोन दिवस आधी साधारण ९५, साध्या डोळ्याला यातला फरक कळणं अवघड आहे. अष्टमीच्या आसपास मात्र एका दिवसात १० टक्क्यांहून जास्त फरक पडतो. खरी पौर्णिमा म्हणाल तर तो एक क्षण असतो, चंद्र सूर्याच्या बरोब्बर समोर येतो तो, आणि तो भरदुपारीसुद्धा येऊ शकतो.

चंद्राला पृथ्वीभोवती फिरायला २७ दिवस लागतात म्हणतात, मग पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस कसे? दोन दिवस कुठे गेले?

छान प्रश्न. ताऱ्यांच्या हिशोबाने चंद्र २७.३ दिवसांत एक फेरी मारतो हे खरंय. पण कला ताऱ्यांवर नाही, सूर्यावर ठरतात. या २७ दिवसांत पृथ्वी सूर्याभोवती सुमारे २७ अंश पुढे गेली, म्हणजे आपल्याला सूर्य आकाशात तेवढा सरकलेला दिसतो. चंद्र जुन्या जागी आला तरी सूर्याच्या समोर यायला त्याला तेवढं अंतर अजून कापायचंय, रोजच्या १३ अंशांनी दोन दिवसांहून थोडं जास्त लागतात. म्हणून पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं.

तिथी कधी दिवसाच्या मधेच का बदलते, कधी एखादी गायबच का होते?

सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी संपते, ३६० अंशांच्या ३० तिथी. म्हणजे तिथी हे कलेचंच माप आहे, सूर्योदयाशी तिला काही देणंघेणं नाही. चंद्राची कक्षा लंबवर्तुळ आहे, जवळ असताना तो भरभर धावतो आणि लांब असताना रेंगाळतो, त्यामुळे एखादी तिथी २० तासांत उरकते तर एखादी २६ तासांच्याही वर जाते. पंचांगात दिवसाला सूर्योदयाची तिथी द्यायची पद्धत असल्याने दोन सूर्योदयांच्या मधेच एखादी तिथी सुरू होऊन संपली की तिचा क्षय, आणि एकाच तिथीत दोन सूर्योदय आले की वृद्धी. गणित सरळ आहे, नावंच जरा घाबरवतात.

कोर असते तेव्हा उरलेला गोलही अंधुक राखाडी दिसतो. तो कसा काय? तिथे तर ऊन नाही ना?

तो उजेड आपल्याकडून गेलेला असतो! सूर्याचा उजेड पृथ्वीवर पडतो, ढग आणि बर्फ आणि समुद्र त्यातला काही परत फेकतात, तो चंद्राच्या अंधाऱ्या भागावर पडतो आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यात. लिओनार्डो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आपल्या टिपणांत हे लिहून ठेवलं होतं, फक्त त्याला ही करामत समुद्राची वाटली, खरं तर यात ढगांचा वाटा मोठा आहे.

बारीक कोरीलाच हे चांगलं दिसतं. कारण आपल्याला चंद्र जवळजवळ अमावस्येचा दिसतो तेव्हा चंद्रावरून पृथ्वी जवळजवळ पौर्णिमेची दिसत असते, आकाशात ती चंद्रापेक्षा पावणेचार पट रुंद आणि कितीतरी जास्त तेजस्वी. चंद्र भरत गेला की तिकडे पृथ्वीची कोर होत जाते, शिवाय इकडे उजळलेला भाग डोळे दिपवतो, म्हणून अष्टमीपर्यंत ही राखाडी झाक साध्या डोळ्याला जवळजवळ दिसेनाशी होते.

अमावस्येनंतर पहिली कोर कधी दिसते?

बहुतेक वेळा दुसऱ्या संध्याकाळी आरामात. चंद्र सूर्यापासून सुमारे ७ अंशांच्या आत असेल तर कोर तयारच होत नाही, म्हणजे इतकी बारीक आणि फिकी असते की संधिप्रकाशात उठून दिसत नाही. ही मर्यादा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ याच्या नावाने ओळखली जाते. बघायचं असेल तर पश्चिम क्षितिज मोकळं हवं, सूर्य पूर्ण मावळल्यावरच दुर्बीण लावायची, आणि घाई करायची, अर्ध्या-पाऊण तासात ती खाली जाते.

कधी कोर होडीसारखी आडवी असते आणि कधी उभी. हा काय प्रकार?

कोरीचा फुगीर भाग सूर्याकडे असतो. सूर्य मावळल्यावर चंद्र सूर्याच्या बरोबर वर असेल तर खालून उजळणार आणि होडी दिसणार, बाजूला असेल तर उभी कोर. हे अवलंबून आहे चंद्र-सूर्याची वाट क्षितिजाशी किती कोन करते त्यावर. उत्तर गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिलच्या संध्याकाळी ही वाट उभी असते म्हणून कोर जास्त आडवी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास उलट. विषुववृत्ताच्या जवळ होडी नेहमीचीच.

दक्षिण गोलार्धातून सगळा चंद्रच उलटा दिसतो, तिकडे वाढत्या चंद्राची डावी बाजू उजळलेली असते. कला मात्र त्या क्षणी सगळ्या पृथ्वीवर एकच. "इकडे पौर्णिमा आणि तिकडे अमावस्या" असं कधी होत नाही.

कोरीच्या दोन टोकांच्या मधे चांदणी दिसू शकते का, चित्रात असते तशी?

नाही. तिथे चंद्राचाच अंधारातला भाग आहे, तारा त्याच्या मागे झाकला जाणार. शेजारी मात्र शुक्र मस्त दिसतो.

दुपारी चंद्र बघितला तर उजळलेली बाजू सूर्याकडे नाही, जरा वरच्या दिशेला रोखलेली वाटते. मग तुमच्या थिअरीचं काय?

निरीक्षण एकदम बरोबर आहे, बहुतेकांच्या हे लक्षातही येत नाही. पण हा भास आहे. सूर्य आणि चंद्र आकाशात एकमेकांपासून खूप लांब असले की त्यांना जोडणारी "सरळ" रेषा आपण मनात क्षितिजाला समांतर काढतो. खरी सरळ रेषा आकाशाच्या घुमटावरून वर चढून परत खाली उतरते. पटत नसेल तर एक लांब दोरी दोन हातांत ताणून डोळ्यांसमोर धरा, एक टोक चंद्रावर आणि दुसरं सूर्याच्या दिशेला (सूर्य इमारतीआड असताना केलेलं बरं). दोरी उजळलेल्या बाजूच्या बरोबर मधून निघते आणि थेट सूर्याकडे जाते.

नवीन दुर्बीण घेतलीय, पौर्णिमेला बघू का चंद्र?

बघा, पण पहिल्याच दिवशी हिरमोड होईल. पौर्णिमेला सावल्याच नसतात, त्यामुळे विवरं, डोंगर सगळं सपाट होऊन जातं, चांगले दिसतात ते फक्त टायको विवरातून निघालेले पांढरे पट्टे. मजा आहे ती उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या कडेवर, कारण तिथे सूर्य नुकताच उगवत किंवा मावळत असतो आणि छोट्याशा उंचवट्याचीही लांबच लांब सावली पडते. अष्टमीच्या सुमारास अपेनाइन पर्वतरांग बघा, त्यानंतर एक-दोन दिवसांनी कोपर्निकस, ९३ किलोमीटर रुंदीचं विवर, त्याचा तळ अजून अंधारात आणि काठ मात्र उन्हात चमकणारा. कडेच्या पलीकडे, पूर्ण काळोखात, एखादा एकटा ठिपका चमकताना दिसला तर तो डोंगराचा माथा, खाली रात्र आणि वर पहाट. तासाभराने परत बघा, ठिपका मोठा झालेला असतो. गॅलिलिओने १६०९ मध्ये दुर्बिणीतून हेच ठिपके बघितले आणि ते कडेपासून किती लांब आहेत यावरून चंद्रावरच्या डोंगरांची उंची काढली.

चंद्राची मागची बाजू कायम अंधारात असते का?

नाही, तिथेही आपल्या बाजूइतकंच ऊन पडतं. चंद्र स्वतःभोवती आणि पृथ्वीभोवती एकाच वेळात फिरतो म्हणून एकच बाजू आपल्याकडे राहते (थोडा डुलतो, त्यामुळे सगळं मिळून ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला बघता येतो). आपल्याकडे अमावस्या असते तेव्हा मागच्या बाजूला लख्ख ऊन. तिचे पहिले फोटो लुना ३ या सोव्हिएत यानाने ऑक्टोबर १९५९ मध्ये काढले आणि जानेवारी २०१९ मध्ये चिनी चांग-अ ४ तिथे उतरलं.

चंद्रावर एका जागी दिवस सुमारे पावणेपंधरा पृथ्वी-दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. चांद्रयान-३ ची तारीख यावरच ठरली होती. २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरलं तेव्हा आपल्या आकाशात चंद्र जवळजवळ अर्धा होता, आणि उतरायच्या जागी नुकताच सूर्य उगवला होता. विक्रम आणि प्रज्ञान दोघेही सौरऊर्जेवर, म्हणजे हातात तेवढा एकच दिवस. पौर्णिमा झाली, चंद्र उतरणीला लागला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे रात्र व्हायच्या आत दोघांना झोपवण्यात आलं. तुम्ही त्या दिवसांत चंद्र बघत असाल तर उजेडाची कड त्या जागेवरून जाताना वरवर का होईना बघितलीच आहे.

चंद्रावरून पृथ्वीच्याही कला दिसतात?

दिसतात, आपल्या बरोब्बर उलट्या, आणि पृथ्वी आकाशात जवळपास एकाच जागी लटकलेली राहून. अपोलो ८ च्या अंतराळवीरांनी २४ डिसेंबर १९६८ ला काढलेला पृथ्वी "उगवतानाचा" प्रसिद्ध फोटो आठवा, त्यात पृथ्वी पूर्ण गोल नाहीये. (ती उगवताना दिसली कारण यान फिरत होतं.)

इतर ग्रहांना कला असतात का?

शुक्र आणि बुध यांना सगळ्या असतात, कारण ते आपल्या आणि सूर्याच्या मधे येऊ शकतात. शुक्राच्या कला गॅलिलिओने १६१० च्या शेवटी बघितल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो हे त्यातून दिसलं, पृथ्वीभोवती फिरत असता तर तो तसा भरलाच नसता. मंगळ थोडासा कमी होतो पण अर्धा कधीच नाही.

हे सगळं पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?

एकट्या कोणाला श्रेय देता येणार नाही. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात ग्रीक विचारवंत अ‍ॅनॅक्सागोरस म्हणत होता की चंद्राचा उजेड सूर्याकडून येतो. आर्यभटाने ४९९ साली पृथ्वी, ग्रह यांच्या गोलांचा अर्धा भाग स्वतःच्याच सावलीने काळा आणि सूर्यासमोरचा अर्धा उजळ असतो असं स्पष्ट लिहिलं, कलांचं याहून नेमकं उत्तर आजही देता येत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो अ‍ॅरिस्टार्कस, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला. त्याने विचार केला की चंद्र बरोब्बर अर्धा दिसतो त्या क्षणी चंद्रापाशी काटकोन असणार, मग आपण इथून चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन मोजला की त्रिकोण पुरा होतो आणि सूर्य चंद्राच्या किती पट लांब ते निघतं. त्याने कोन धरला ८७ अंश, उत्तर आलं १८ ते २० पट. खरा कोन आहे ८९.८५ अंश, इतका काटकोनाला चिकटून की साध्या डोळ्यांनी मोजणं अशक्यच, त्यामुळे उत्तर वीसेक पटीने चुकलं. पण पद्धत शंभर टक्के बरोबर. नुसत्या अर्ध्या चंद्राकडे बघून सूर्याचं अंतर काढायला बसणं, काय डोकं असेल!

भरती-ओहोटीचा कलांशी संबंध असतो ना?

असतो, पण उजेडाचा नाही, दिशेचा. अमावस्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीला दोघे काटकोनात, म्हणून भांगाची भरती. उधाण नेमकं त्याच दिवशी न येता एक-दोन दिवस उशिरा येऊ शकतं, पाण्याला हलायला वेळ लागतो.

सुपरमूनला चंद्र खरंच मोठा असतो?

पौर्णिमा आणि चंद्र जवळ येण्याची वेळ जुळली की थोडा मोठा दिसतो. चंद्राचं अंतर सुमारे ३,५६,५०० ते ४,०६,७०० किलोमीटरच्या मधे बदलतं, त्यामुळे सगळ्यात लांबच्या पौर्णिमेच्या तुलनेत जवळचा १४ टक्के रुंद. नुसतं बघून ओळखणं कठीणच. उगवताना जो प्रचंड दिसतो तो दरवेळीच तसा दिसतो, तो डोळ्यांचा भास, मोबाईलने उगवतानाचा आणि मध्यरात्रीचा फोटो त्याच झूमवर काढून मोजा.

माझ्या जन्माच्या रात्री चंद्र कसा होता, आणि तसाच त्याच तारखेला परत कधी येईल?

कसा होता ते कुठल्याही पंचांगात नाहीतर अ‍ॅपवर तारीख टाकून मिळेल. परत येण्याचं म्हणाल तर १२ चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस, वर्षापेक्षा ११ कमी, म्हणून दर वाढदिवसाला चंद्र ११ दिवसांनी पुढे गेलेला असतो. पण २३५ चांद्रमास आणि १९ वर्षं यांच्यात फक्त दोन तासांच्या आसपास फरक आहे. ग्रीकांमध्ये हे मेटनच्या नावाने ओळखलं गेलं, बॅबिलोनमध्येही ठाऊक होतं. म्हणजे १९ व्या, ३८ व्या, ५७ व्या वाढदिवसाला चंद्र बघा, जन्माच्या रात्रीचाच असेल, फार तर एखाद्या दिवसाचा फरक.